कानातलं

चापडगावच्या फाटकावर ओंकार सानपने पावती फाडली:
दोन माणसं, एक तंबू, एक दुर्बीण भाड्याने.
"रात्री जड जाईल, ताई. निफाडचा पारा आहे हा,
एकदा खाली उतरला की वर यायला मुहूर्त बघतो."
अण्णांनी विचारलं, "काय म्हणतोय?"
मी म्हटलं, "थंडी."

वाक्यांचं मी असंच करते हल्ली.
गर मी खाते,
बी ठेवते त्यांच्या हातावर.

अडतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात
नंबर टाकणाऱ्या यंत्रापाशी उभे होते अण्णा.
गेटवर रोज झडती व्हायची,
खिसे, डबा, चपलांचे तळवेसुद्धा.
आवाज तेवढा कुणी तपासला नाही.
तो रोज थोडा थोडा घरी आणला त्यांनी.

संध्याकाळी मनोऱ्यावर चढलो.
गोदावरी इथे नदीसारखी वागत नाही,
पसरते, पाय लांब करून बसते,
पाणवनस्पतींत अर्धी झाकलेली.
ओंकार दबक्या आवाजात नावं सांगत होता,
थापट्या. तलवार बदक. तो लाल पायांचा शेकाट्या.
आणि मी ती नावं
अण्णांच्या डाव्या कानात ओरडले.

समोरचं सगळं पाणी उठून उभं राहिलं.
"ताई, हळू," ओंकार कळवळला.
अण्णा मात्र खूश.
ओठ हलवत मोजायला लागले,
शंभर झाले की अंगठा दुमडत,
आणि पाखरं पलीकडच्या गव्हावरून वळून
परत पाण्यात बसली तेव्हा म्हणाले,
"तीन गड्ड्या. वर सत्तावीस सुट्टे."

भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात.
शेकोटीजवळ गुडघे भाजत होते आणि पाठ गारठत होती.
मग तंबूत शिरलो.
मी कुड्या काढल्या, त्यांनी यंत्र काढलं,
सराफ बाजारातल्या एकाच लाल डबीत
दोघांचं कानातलं ठेवलं.
कानटोपी ओढून ते झोपलेही लगेच,
दिवा घालवावा तसे.

रात्री कधीतरी डबी शीळ घालू लागली.
बारीक, हट्टी.
बंद करायचं विसरले होते.
मी यंत्र बाहेर काढलं, बटण शोधत होते,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
घातलं कानात.

आधी माझेच केस कडाडले.
मग तंबूचं कापड, एखादा ट्रक अंगावरून जावा तसं.
चादर, साखळी, लांबची टिटवी, कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर,
सगळं एकाच अंतरावर,
सगळं पुढच्या रांगेत.
अण्णांचा श्वास कुठला आणि पाण्याचा कुठला,
मला निवडता येईना.

मी समजत होते, तिकडे शांतता असेल.
रिकामं घर, दार वाजवलं की ऐकू जाणारं.
दोनच मिनिटं थांबले मी तिथे.
ते रोज तिथून मला विचारतात,
काय म्हणतोय?

पहाटे जाग आली तर अंथरूण रिकामं.
बाहेर द्राक्षबागांतून धूर निघत होता,
वेलींना ऊब म्हणून रात्रभर पेटवलेला,
तो खाली खाली येऊन पाण्यावर टेकलेला.
अण्णा काठावर खुर्ची टाकून बसले होते,
कान उघडे, लालबुंद.
मी डबी पुढे केली.
त्यांनी यंत्र घातलं, एकदा तोंड वाकडं केलं, मग सरळ.

मी जवळ बसले. ओरडले नाही.
त्यांच्यासमोर तोंड धरून, सावकाश म्हटलं,
"काल ओंकार म्हणत होता,
निफाडचा पारा आहे हा,
एकदा खाली उतरला की
वर यायला मुहूर्त बघतो."

अण्णांनी वाक्य तोंडात घोळवलं.
थोडा वेळ गेला.
मग हसले, असे मोठ्याने
की धुरातून, गवतातून, कुठून कुठून
सगळी पाखरं पुन्हा उठली,
आणि ओंकार चहा घेऊन येता येता थबकला.

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.
ओठ हलू लागले होते.